सामूहिक स्वयंपाकघराचे अध्यक्ष

विल्मार बेरुत्तीला लहानपणापासून तेलकट हातांची किळस. आमच्या उरुग्वेतल्या सेर्रोच्या टेकडीवर, जिथे घरटी कुणी ना कुणी मांसाच्या कारखान्यात कामाला होतं, तिथे जन्माला येऊन या माणसाने दाराची कडी रुमालाने धरण्यात हयात घालवली. आता तोच आमच्या ओलिवेरा गल्लीच्या पुनर्रचना समितीचा अध्यक्ष आहे. सामूहिक जीवनावर भाषणं देतो आणि शहरातली शिकलेली मंडळी माना डोलावून ती ऐकतात. हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा. मी आपली हसून मोकळी झालेय.

मी शेजारीण, एल्बा. शिवणकाम करते. माझ्या आणि विल्मारच्या घरात एकच भिंत, आणि माझं मशीन त्या भिंतीलाच टेकलेलं. त्यामुळे त्या घरात कोण काय बोललं, हे मला त्यांच्याआधी कळायचं म्हटलं तरी चालेल. नव्या बांधणीत भिंतीत काहीतरी भरलंय. आता पलीकडची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. याला प्रगती म्हणतात.

आई गेली तेव्हा विल्मार शाळकरी पोर होता. त्याची थोरली बहीण नेलिदा कारखान्यात डबे भरायला लागली आणि तिने त्याला वाढवला. थंडगार पाण्यात पाय ठेवून दिवसचे दिवस उभं राहायचं काम. तिचे गुडघे तिथेच गेले. या पठ्ठ्याला मात्र नोटरीच्या कचेरीत नोकरी लागली, कागदांवर शिक्के मारायची. शिक्का जरा तिरका पडला की त्या दिवशी साहेबांना जेवण जायचं नाही. बहिणीचे पाय वाकडे झाले, त्याने काही त्याचं जेवण अडलं नाही.

नेलीचं स्वयंपाकघर गल्लीच्या तोंडाशी, आणि त्याची खिडकी थेट गल्लीत उघडायची. पाऊस आला की नेली पीठ मळायची. आमच्याकडे हे कुणी कुणाला सांगत नाही. पत्र्यावर थेंब वाजले की चरबी वितळायला ठेवायची, पिठाच्या जाडसर चकत्या करायच्या, मधोमध बोटाने भोक पाडायचं, तळायच्या. झाल्या तोर्ता. घराघरांत करतात, पण आमच्या गल्लीत कुणी आपल्या घरी करायचं नाही, नेलीकडे जायचं. जाताना कुणी पीठ न्यायचं, कुणी चरबी, प्रत्येकाच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास. आत मावतील तेवढे आत, बाकीचे खिडकीबाहेर छत्र्या धरून. माते, म्हणजे आमचा कडू पानांचा चहा, त्याचा भोपळा एका हातातून दुसऱ्या हातात फिरायचा, सगळ्यांची नळी एकच. तिथेच भांडणं व्हायची, तिथेच मिटायची. टॅक्सी चालवणारा रुबेन आणि त्याचा सख्खा भाऊ बापाच्या खाटेवरून वर्षभर बोलत नव्हते, ते त्या खिडकीत एकाच तोर्तेला हात घालायला गेले आणि हसत सुटले. मी तिथे उभी होते.

आणि अध्यक्ष तेव्हा काय करायचे? आतल्या खोलीत, दाराच्या फटीला टॉवेल लावून बसायचे. मधेच दार किलकिलं करून म्हणायचे, "नेली, पडद्यांना वास लागतोय."

"मग पडदे काढून तुझ्या उशाखाली ठेव," नेली म्हणायची. "बाहेर ये, खा एखादी."

कधी कधी यायचा. काटा-सुरी घेऊन. तोर्ता काटा-सुरीने खाणारा माणूस आख्ख्या उरुग्वेत दुसरा सापडला तर मला कळवा.

त्याचं लग्न ठरलं होतं एकदा, मिर्ता नावाच्या मुलीशी. चांगल्या वस्तीतली, हातमोजे घालणारी. एका रविवारी तिला घरी आणली आणि नेमका पाऊस. घरात गल्ली लोटलेली. रुबेनच्या कुत्र्याने मिर्ताच्या मांडीवरची तोर्ता उचलली, आणि पुढच्या महिन्यात लग्न मोडलं. विल्मारने सगळं खापर चरबीवर फोडलं. मी भिंतीपलीकडे होते ना, मी ऐकलं होतं. कुत्र्याला ती पोरगी खदखदून हसली होती. "हसताना तोंडावर हात धरत जा," असं हा तिला म्हणाला, तेव्हा ती गप्प झाली. पण स्वतःच्या जिभेचा दोष कोण काढतो? नाचता येईना, अंगण वाकडं. तेव्हापासून त्याने त्या खिडकीशी उभा दावा मांडला.

आता गल्लीचं म्हणाल तर ती खरंच मोडकळीला आली होती. पत्रे गळत होते, नळ गंजलेले, भिंतींना ओल, तरुण पोरं लांब लांब बिऱ्हाडं करून निघालेली. तेवढ्यात कुठल्याशा परदेशी संस्थेचे पैसे आले. जुन्या वस्त्या पाडायच्या नाहीत, नव्याने बांधून काढायच्या, पाणी वाचवायचं, ऊब वाचवायची आणि मुख्य म्हणजे माणसांना एकत्र जगायला शिकवायचं. आम्ही म्हटलं, छपराचं बघा, बाकी काय शिकवायचं ते शिकवा. समिती नेमली. कागद नीट लावून ठेवणारा माणूस एकच, म्हणून विल्मार अध्यक्ष झाला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच, फक्त हे माकड टाय लावायचं.

संस्थेने बार्सेलोनाहून एक आर्किटेक्ट पाठवली होती, मोंत्से. पोरगी वाईट नव्हती. कष्टाळू होती, घरोघर फिरली, प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बसून बोलली. फक्त ती आली जानेवारीत, आमच्याकडच्या कडक उन्हाळ्यात, आणि त्या महिन्यात आभाळातून टिपूस गळला नाही. प्रत्येक घरात ती एक प्रश्न विचारायची, आणि शेजारी अध्यक्ष महाशय हात मागे बांधून उभे.

"तुम्ही शेजारी-शेजारी एकत्र कधी जेवता?"

"जेवायला? छे!" आम्ही सगळे म्हणालो.

"कधीच नाही?"

"बाई, या रुबेनच्या बायकोच्या हातचं एकदा खाऊन बघा, मग विचारा," रुबेनचा भाऊ म्हणाला.

"एकमेकांच्या घरी स्वयंपाक?"

"आपापली चूल आपापल्या घरी. आम्ही सभ्य माणसं आहोत," असं नेली स्वतः म्हणाली! पीठ मळून मळून मनगटं सुजलेली नेली!

कारण तोर्ता म्हणजे जेवण नव्हे. आमच्यातल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. जेवण म्हणजे ताट, टेबल, बसायला खुर्ची. तोर्ता म्हणजे पाऊस. बाईला हे ठाऊक नव्हतं आणि आम्हाला ते सांगायचं सुचलंच नाही. एकाच माणसाला प्रश्नही कळला होता आणि उत्तरही. तो शेजारी उभा राहून रुमालाने चष्मा पुसत होता. एक शब्द बोलला नाही. तिने लिहून घेतलं की या वस्तीत सामूहिक जीवन नाही, ते निर्माण करावं लागेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि कळसा ज्याने काखेत दडवला, तोच वळशाला वाट दाखवत पुढे चालला.

दीड वर्ष बांधकाम चाललं. खोटं कशाला बोलू, छप्पर आता गळत नाही. छपरावर पावसाचं पाणी साठतं, ते संडासाला वापरतात. हिवाळ्यात घर उबदार राहतं. पण खिडक्या झाल्या दुहेरी काचेच्या, अशा घट्ट की त्यांच्यातून वास तर सोडाच, हाकही बाहेर पडत नाही. घरातली स्वयंपाकघरं काढून तिथे झोपायच्या खोल्या केल्या. प्रत्येकाला ओट्याचा एक तुकडा दिला, त्यावर विजेची एक शेगडी, दूध तापवण्यापुरती. घरात तळायला बंदी. तळायचं तर गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, सामूहिक स्वयंपाकघरात. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या खुर्च्या, समोर खाडीचा देखावा. लिफ्ट दुसऱ्या टप्प्यात येणार होती. दुसरा टप्पा कधी येणार हे कुणी विचारलं की अध्यक्ष वर बघायचे, जणू तो आभाळातून पडणार आहे.

कुठल्या घरापासून सुरुवात करायची हा प्रश्न आला, तेव्हा विल्मार उठून म्हणाला, "माझ्या घरापासून. मी उदाहरण घालून देतो." टाळ्या पडल्या. नेलीची खिडकी सगळ्यात आधी विटांनी बुजली.

स्वयंपाकघराचे नियम अध्यक्षांनी स्वतः बसून केले. त्यातला पहिला नियम असा, की स्वयंपाकघर हवं असेल तर दोन दिवस आधी सांगायचं.

सभेत रुबेन उभा राहिला. "विल्मार, पाऊस दोन दिवस आधी कुणाला सांगून येतो रे? तुला येतो?"

"हवामानखातं असतं," विल्मार म्हणाला.

"हवामानखातं! त्यांच्यावर विसंबून मी कपडे वाळत घालत नाही, तोर्ता काय करू?"

"शिस्तीशिवाय समूह नाही," असं अध्यक्ष म्हणाले, आणि पाहुण्यांसमोर कशाला वाद म्हणून आम्ही गप्प बसलो. मोंत्से बाईंनी ते वाक्य हसून ऐकलं. मग ती तिच्या देशी निघून गेली, आणि आम्ही आमच्या अध्यक्षांबरोबर उरलो.

नेलीने नियम पाळून बघितला. एकदा रेडिओवर गुरुवारी पाऊस सांगितला, तिने मंगळवारीच सांगून ठेवलं. गुरुवारी असं लख्ख ऊन पडलं की डोळे दिपावेत. तरी ती हट्टाने गेली. रुबेन आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून जिना चढवला, दर पायरीला ती देवाच्या आईचं नाव घेत होती. वर बसून तिने तोर्ता तळल्या. खालून जाणारी माणसं वास आल्यावर थांबायची, आभाळाकडे बघायची आणि पुढे जायची. उन्हात तोर्ता कोण खातं? रुबेनने दोन खाल्ल्या, त्या केवळ तिच्यासाठी. "कुणीतरी वारल्यासारखं वाटतंय," तो मला हळूच म्हणाला. नेलीने ऐकलं. उतरताना तिचा गुडघा मुरगळला, त्यानंतर ती जिना चढली नाही.

मग खरा पाऊस आला. चांगला तीन दिवस. स्वयंपाकघर कुणीच सांगून ठेवलेलं नव्हतं, म्हणून त्याला कुलूप. दुसऱ्या दिवशी नेलीला राहवेना. तिने दूध तापवायच्या त्या शेगडीवर चरबी टाकली. खिडकी उघडत नाही, धूर जाणार कुठे? छताला लावलेली घंटा गल्लीभर कोकलली. आम्ही धावत बाहेर आलो, भर पावसात, आणि गंमत सांगू? दीड-दोन वर्षांत पहिल्यांदा सगळे एका जागी उभे होतो. रुबेनने तर थर्माससुद्धा आणला होता! विल्मारने घंटा बंद केली आणि आम्हाला म्हणाला, "काही नाही, तांत्रिक बिघाड. आपापल्या घरी जा."

दुसऱ्या दिवशी प्रवेशद्वारावर सूचना लागली. 'एका सदस्याने' घरात तळण केलं असून त्याला पहिली ताकीद देण्यात येत आहे. ज्या बहिणीच्या गुडघ्यांवर याचं शिक्षण झालं, ती एक सदस्य!

त्यानंतर नेलीकडे जाणं कमी झालं. कुणी ठरवून टाळलं नाही. पण आमच्यात उगाच कुणी कुणाच्या घरी जाऊन बसत नाही, काहीतरी निमित्त लागतं, आणि निमित्त तर विटांनी बुजलं होतं. मी जायची, पण माझी शिवणं असतात. पूर्वी मी भिंतीवर कात्री आपटली की ती पलीकडून लाटणं आपटायची, तेवढ्यावर आमची दुपार जायची. आता आपटून बघितलं तर भिंत गादीसारखी. ती दिवसभर त्या नव्या खोलीत, जिथे तिचं स्वयंपाकघर होतं तिथेच, पलंगावर बसून असायची. बुजवलेल्या भिंतीकडे तोंड करून. विल्मार सभांना.

एका संध्याकाळी मी तिचा झगा द्यायला गेले, तेव्हा ती त्याला माझ्यासमोरच म्हणाली, "विल्मार, मला माझी खिडकी परत दे."

"नेली, ते शक्य नाही. भिंत घराची ऊब राखणाऱ्या आवरणाचा भाग आहे."

"मला आवरण कळत नाही. खिडकी दे. नाहीतर मी लास पिएद्रासला नन्सच्या वृद्धाश्रमात जाते. तिथे निदान जेवायला चार माणसं शेजारी असतात."

"वेड्यासारखं बोलू नकोस. पुढच्या महिन्यात आपल्या बांधणीला बक्षीस द्यायचं का, ते बघायला समिती येणार आहे. एक वीट हलली तर सगळं प्रमाणपत्र जाईल."

"मग पुढच्या महिन्यानंतर दे."

"सर्वसाधारण सभेत ठराव आणावा लागेल."

 मला वाटलं नेली ओरडेल, ताट फेकेल. मी असते तर झगा फाडून त्याच्या तोंडावर मारला असता. ती एवढंच म्हणाली, "लहानपणी तू एकटा झोपायला घाबरायचास." आणि मला म्हणाली, "एल्बा, बॅगेची चेन बिघडलीय, तेवढी बसवून दे."

मी बसवून दिली. ती गेली. बक्षीस मिळालं. भिंतीवर लावायची पितळी पाटी आली, ती प्रवेशद्वाराशी लावली. तिच्यावर 'एकत्र जगण्यासाठी' असं काहीतरी कोरलंय. विल्मार ती रोज सकाळी रुमालाने पुसतो. आमच्यापैकी कुणी तिथून जाताना त्याला "काय विल्मार, बरा ना?" असंही विचारत नाही. पूर्वी विचारायचे. ते नेलीसाठी विचारायचे, हे त्याला आत्ता कळलं. साठी उलटून गेल्यावर.

मग त्याने जे केलं ते ऐकाच. त्याने स्वयंपाकघर रोजच्या रोज स्वतःच्या नावावर सांगून ठेवायला सुरुवात केली. सोमवार ते रविवार, दुपारचा एक तास. म्हणजे पाऊस कधीही येवो, जागा आपली. नियमाला स्वतःच असा वळसा घालणारा अध्यक्ष! रुबेन म्हणाला, "पावसालाच सदस्य करून घे म्हणावं."

परवा पाऊस आला. दुपारची वेळ, मी लग्नाच्या झग्याला मणी लावत होते. दार वाजलं. दारात विल्मार, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत पीठ. मी त्याला असा जन्मात पाहिला नव्हता.

"एल्बा, जरा वर ये."

"कशाला?"

"तोर्ता करतोय. नेलीला फोन लावायचाय. तिला सांगायचंय की आता सगळे वर जमतात, तू परत ये. तिला आवाज ऐकू आले पाहिजेत. माणसांचे."

"माणसं कुठून आणू? दोन दिवस आधी सांगायला हवं होतंस."

त्याने मान खाली घातली. खरं सांगते, मला बरं वाटलं. पण मी गेले, त्याच्यासाठी नव्हे. वाटेत त्याने रुबेनचं दार वाजवलं, त्याच्या भावाचं वाजवलं. कुणी आलं नाही. त्या काचांमागे ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल.

वर ते लांब टेबल, त्या पांढऱ्या खुर्च्या, सगळ्या ओळीत. कढईत सूर्यफुलाचं तेल. पठ्ठ्याने चरबी आणलीच नव्हती, वास येतो म्हणून! चकत्या वेड्यावाकड्या, एकीलाही मधे भोक नाही, त्यामुळे फुगून टम्म झालेल्या आणि आत कच्च्या. त्याने फोन लावून टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

"नेली, इथे पाऊस पडतोय," तो म्हणाला.

"इथेही पडतोय," नेली म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "इथे आम्हाला स्वयंपाकघरात जाऊ देत नाहीत. सूप देतात."

"आम्ही तोर्ता करतोय. वर. सगळे आलेत. एल्बा आहे बघ."

"नेली, मी आहे," मी म्हणाले.

"एल्बा! तू आहेस? मग फोन जरा कढईजवळ धर ना."

मी फोन उचलून कढईजवळ धरला. विल्मारने एक चकती सोडली, मग दुसरी. चर्रर्र झालं. तेल कुठलंही असो, आवाज तोच येतो. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. विल्मार पीठ लागलेले हात तसेच समोर धरून उभा होता, पुसायचं त्याला सुचलं नाही. तो चकत्या सोडत राहिला आणि ती ऐकत राहिली.

मग शेगडी टिक करून बंद झाली. ठरवून घेतलेला तास भरला की ती आपोआप विझते, हीसुद्धा अध्यक्षांचीच अक्कल. त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, बुक्की मारली. तेल हळूहळू गप्प झालं.

"झाल्या का तळून?" नेलीने विचारलं. "सगळ्यांना पुरल्या?"

विल्मारने माझ्याकडे बघितलं. त्या माणसाची मला दया आली नाही, आजही येत नाही. पण फोन माझ्या हातात होता आणि पलीकडे ती होती.

"पुरल्या गं, नेली," मी म्हणाले. "उरल्यासुद्धा."